रावसारांची फ्लॉपी

रावसारांना चहा घेणार का असं विचारलं, की हो किंवा नाही असं कधी ऐकायला मिळत नसे. "वर्ग असला तर नको. वर्ग नसला तर कॉफी. कॉफी नसली तर चहा." तोवर कॅन्टीनवाला पुढच्या टेबलाकडे गेलेला असे. यंत्राला असंच शिकवावं लागतं, तेव्हा माणसानंही सवय ठेवलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगलीचा, गणिताचा मास्तर. नव्वदीच्या सुरुवातीला तंजावूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात चिकटलो आणि राजवाड्यामागच्या गल्लीत, त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रावसारांच्या (तिकडे 'सर'चं 'सार' होतं) शेजारी खोली घेतली. त्यांचं घराणं मराठेशाहीपासून तिथलं. मराठी कानावर पडते याचा मला आनंद, आणि माझी मराठी फारच 'नवी' आहे याचं त्यांना दुःख.

कृत्रिम बुद्धिमत्तेत त्यांची हयात गेली होती. आणखी पाच वर्षांत यंत्र माणसासारखं विचार करणार, असं ते दर वर्षी सांगत. त्यांचा प्रोग्राम भाताच्या रोगांवर सल्ला देई. पानं पिवळी पडली का, डाग आहेत का, असे ढीगभर प्रश्न विचारून झाले की पडद्यावर उमटे: कृषी अधिकाऱ्यास भेटा. मला हसू आलं तर म्हणाले, "डॉक्टर तरी काय सांगतो सार? मोठ्या डॉक्टराकडे जा म्हणतो."

त्या दिवसांत परदेशी कंपन्यांना दारं उघडली होती. रावसारांनी काठावर पास केलेली पोरंही बंगळूरला जाऊन गलेलठ्ठ पगार घेत होती. त्यातला एखादा आपला प्रोग्राम अमेरिकेला विकील, या धास्तीनं त्यांनी दुसरी प्रत म्हणून काढली नव्हती. होती ती एकच फ्लॉपी, सदैव त्यांच्या पिशवीत.

अखेर प्रोफेसरपदासाठी त्यांचं काम पाहायला मद्रासहून तज्ज्ञांची समिती यायची ठरली. निवृत्तीआधीची ही शेवटची संधी. भेट नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिकडे सरस्वतीपूजेला विद्येची सगळी साधनं देवीपुढे मांडतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. मशीन माणसासारखं विचार करील म्हणणाऱ्या या गृहस्थांनी फ्लॉपीही मुकाट्यानं देवीपुढे ठेवली आणि दसऱ्याला, कॉलेज बंद असल्यानं, न पाहताच परत पिशवीत टाकली.

समिती आली. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायची बंदी, त्यामुळे मद्रासचे विद्वान आणि आमचे प्रिन्सिपॉलही अनवाणी उभे होते. रावसारांनी फ्लॉपी सरकवली. मशीन घरघरलं, खरखरलं आणि गप्प झालं. त्यांनी ती बाहेर काढली. फ्लॉपीच्या उघड्या फटीत, नेमकी जिथून यंत्र वाचतं तिथं, चंदनाचं गंध वाळून बसलं होतं. वर कुंकवाचा ठिपका.

पूजा त्यांच्या आईनं, अम्मांनी केली होती. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नसे. वह्यापुस्तकं चाचपून प्रत्येकाला गंध लावता लावता त्यांनी फ्लॉपीलाही मधोमध लावलं होतं.

मी खरा प्रकार सांगणार, तोच रावसारांनी माझ्या उघड्या पायावर पाय दिला. इंग्रजीत एवढंच म्हणाले, की प्रोग्राम अजून पुरा झालेला नाही, चूक माझी आहे. समितीनं काहीतरी लिहून घेतलं आणि ती जेवायला गेली.

परतताना मी चिडून विचारलं, गंधाचं सांगितलं असतं तर त्यांनी आणखी एक तारीख दिली नसती का? ते सायकल हातानं ढकलत चालले होते.

"दिली असती सार. पण प्रिन्सिपॉलची बायको रोज अम्मेबरोबर देवळांत जाते. सांजेपर्यंत अम्मेला कळलें असतें."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो होतो. आता त्यांच्याकडे पाहवेना.

अम्मा दारातच उभ्या होत्या. सायकलचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "काय रे, मशीन बोललें का?"

"बोललें अम्मा. फार बरें बोललें."

"गंध लावलें म्हणून बोललें."

"होय अम्मा," रावसार म्हणाले. "म्हणूनच." आणि आईचा हात धरून त्यांनी तिला उंबऱ्यावरून आत नेलं.