चषक गेला, मामा आले

बघताक्षणी समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं जगात तीनच झाली आणि त्यातले दोघे वारले, असं मामा स्वतःच सांगत. तिसऱ्याचं नाव विचारायची पाळी ते कुणावर येऊ देत नसत. जन्मभर पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर 'गुप्त तपास' अशी पाटी लावली होती, आणि ती न दिसणाऱ्यांना ते जिन्यात थांबवून दाखवत.

असल्या माणसाला फुटबॉल क्लबात बोलवायची वेळ भाचीवर आली, म्हणजे ती किती घायकुतीला आली असेल बघा. क्लबात तिचं काम सगळ्यांची मर्जी राखायचं. पैसे देणारे प्रायोजक, बोंबलणारे चाहते, त्या बोंबलण्याची तक्रार करणारे शेजारी, एकाला चुचकारावं तर दुसरा रुसायचा. आज परदेशातली एक गादी कंपनी जर्सीवर नाव टाकायचा करार करायला येणार होती. कंपनीच्या बाईंच्या अटी दोनच. क्लबाने जिंकलेल्या एकुलत्या एका चांदीच्या चषकाबरोबर फोटो हवा, आणि दुसऱ्या गादीवाल्याचं नाव क्लबात कुठेही दिसता कामा नये. करार फिसकटला तर तू दुसरी नोकरी बघ, असं अध्यक्षांनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. आणि चषकच गायब! काचेचं कपाट रिकामं, तो जिथे आणून ठेवायला सांगितला होता त्या बैठकीच्या खोलीतलं टेबलही रिकामं.

मामा भिंग घेऊन हजर झाले. खोलीभर पांढरी कापडं घातलेली. जुना प्रायोजकही गादीवालाच, आणि त्याने भेट दिलेल्या फ्रिजवर, घड्याळावर, पंख्यावर, सगळीकडे त्याचं नाव. बाहेरून माणसं आणून भाचीने कालच ते सगळं झाकून घेतलं होतं. "हॉस्पिटल आहे की क्लब?" असं म्हणत मामांनी दाराजवळच्या एका झाकलेल्या वस्तूवर टोपी ठेवली आणि कामाला लागले.

पहिला संशय जुन्या गादीवाल्यावर. मामांनी त्याला फोन करून विचारलं, हल्ली गादीत कापूस भरता की चांदी? तो अजूनही मुलांच्या संघाला मदत करायचा. ती आजपासून बंद, असं सांगून त्याने फोन आपटला. दुसरा संशय क्लबाच्या शेजारणीवर. मामा तिच्या स्वयंपाकघरात शिरून पातेली उलटी करून बघून आले, आणि पाठोपाठ तिचा तक्रारीचा फोन आला. भाचीने वर्षभर जोडलेली माणसं मामा तासाभरात तोडत सुटले होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत तिने डोकं धरलं.

तेवढ्यात भोंगेकाका आले. चाहता मंडळाचे म्होरके, प्रत्येक सामन्यात भोंगा वाजवणारे. सहीच्या वेळी चाहत्यांतर्फे तेच बसणार होते.

"चषक जिंकला त्या दिवशी मी ढसाढसा रडलो होतो," ते कळवळून म्हणाले.

"मुरलेला गुन्हेगार आधीच रडून घेतो," मामा म्हणाले.

भोंगेकाका ताडकन उठले. आता हेही चालले म्हणून भाची त्यांच्यामागे धावली, तर दारात गादी कंपनीच्या बाई उभ्या. लपवाछपवीचं त्राण भाचीत उरलं नव्हतं. चषक सापडत नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं.

बाईंना आधी कोट ठेवायचा होता. मामांनी अदबीने आपली टोपी उचलली. टोपीच्या बक्कलात अडकून कापडही वर आलं.

खाली चषक होता.

त्याच्या बैठकीवर ठसठशीत अक्षरांत जुन्या गादीवाल्याचं नाव होतं, कारण ती स्पर्धाच मुळी त्याची. पहिली अट सापडली त्याच क्षणी दुसरी मोडली.

"हा कुणी झाकला?" बाईंनी विचारलं.

"मीच म्हणायचं. दुसऱ्या गादीवाल्याचं नाव दिसेल ते झाका, हलेल ते बाजूला सारा, मला विचारत बसू नका, असं मी त्या माणसांना बजावलं होतं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. अट पाळू असं प्रत्येक देशातला क्लब म्हणतो, त्या डोळे पुसत म्हणाल्या, पण अटीपायी स्वतःचा चषक झाकणारा त्यांना आजच भेटला. त्यांनी तिथेच सही केली. भाचीला एकदम रडू फुटलं. फोटोला भोंगेकाका परत आले आणि आपला रुंद पंजा नेमका त्या नावावर ठेवून उभे राहिले. मामा न बोलावता मधोमध.

"काखेत कळसा नि गावाला वळसा, मामा," भाची नाक पुसत म्हणाली.

"वळसा कसला? चषक मी पहिल्यापासून टोपीखाली दाबून ठेवला होता. फक्त पुरावा पिकायची वाट बघत होतो."

भाचीने ती टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली आणि हाताला धरून त्यांना शेजारणीकडे माफी मागायला नेलं. मामा निमूट निघाले. बेल वाजवल्यावर मात्र ते भाचीच्या कानाशी वाकले.

"माफी मागतो. पण मघाशी एक पातेलं बघायचं राहिलंय."