पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू आलेलं नाव

मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे शास्त्रीय प्रयोग हा काही माझा प्रांत नाही. तरीही त्या रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बागेत जाऊन हाका मारून बघतो." बस, एवढंच वाक्य. पुढे जे झालं त्याची नोंद बागेच्या वॉचमनच्या वहीत आहे आणि खाली ताईची सही आहे.

ताईला आठवा महिना लागला होता. मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं, हे तिचं आणि दाजींचं पाच मिनिटांत ठरलं. मुलाच्या नावावर घोडं अडलं ते तीन आठवडे.

दाजी पाणी खात्यात कारकून आहेत. त्यांच्या नावाचे त्या कचेरीत आणखी तिघे आहेत. एकदा यांच्या बढतीचं पत्र पलीकडच्या टेबलावर गेलं आणि पलीकडच्या टेबलाचा मेमो यांना मिळाला. तेव्हापासून दाजींचा निश्चय झाला, की मुलाचं नाव जगात दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. त्यांनी सतरा नावांची यादी केली आणि तिला नंबर घातले. लाडका होता नऊ नंबर. तो पूर्ण उच्चारताना मला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागायचा.

ताई दवाखान्याच्या खिडकीत बसते आणि दिवसभर पेशंटची नावं पुकारते. तिचं म्हणणं वेगळं. "नाव लिहायला नसतं, हाक मारायला असतं. तुमच्या नऊ नंबरला मी खिडकीतून हाक मारली ना, तर पेशंट आपोआप बरा होऊन घरी जाईल, पण उठून येणार नाही." तिला हवं होतं एक साधं, सोपं, प्रत्येक जिन्यात दोन-दोन सापडतील असं नाव.

माझं मत तिसरंच होतं. दादाचं नाव ठेवावं.

दादा आमचा सगळ्यात मोठा भाऊ. किल्ल्या बनवायचं दुकान त्याचं. पाच महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या तापात गेला. आता दुकानात मी बसतो. गिऱ्हाईक विचारतं, ते मोठे कुठे आहेत? मी सांगतो, बाहेर गेलेत. पहिल्या दिवशी घाईत तोंडातून गेलं, आणि मग तेच सांगत राहिलो. (काही लोक त्याची वाट बघत थांबतात. मग मी त्यांची किल्ली बिघडवतो.)

त्याच्या नावाचं मी ताईकडे एकदाच काढलं होतं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या नावाने मला ओरडता येईल का रे? आणि न ओरडता मूल वाढत नाही." विषय संपला. मी रागाने त्या रात्री जेवलो नाही. (सकाळी दोन्ही वेळचं जेवलो.)

तर, प्रयोग. दाजींनी कागदावर रकाने आखून दिले. नाव काय, कोण आलं, किती आले. ताईला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून ती दोघं मागून सावकाश येणार होती. माझ्या मनात मात्र वेगळाच डाव होता. दोघांची नावं झाली की तिसरी हाक दादाच्या नावाने मारायची. कुणी आलं नाही की नाव दुर्मीळ म्हणून दाजी खूश, आणि पुकारायला सोपं म्हणून ताई खूश. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी बाकावर उभा राहिलो.

आधी ताईचं नाव. सात मुलं आली. एक घसरगुंडीवरून अर्ध्यातून उलटं चढून आलं. पाठोपाठ टक्कल पडलेले एक आजोबाही आले, तेही त्याच नावाचे. सगळे माझ्याकडे बघत उभे. आता यांना सांगायचं काय, याचा मी विचारच केला नव्हता. म्हणालो, "जा, आई बोलावतेय." सातही जण सात दिशांना पळाले. आजोबा तेवढे थांबले. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, असं त्यांनी मला सांगितलं.

मग नऊ नंबर. मी मध्ये श्वास घेतला आणि पूर्ण केलं. झुडपातून वासराएवढा एक कुत्रा आला आणि माझ्या पायावर बसला. मागून धापा टाकत त्याची मालकीण आली. "तुम्हाला कसं माहीत याचं नाव? आम्ही चार महिने शोधत होतो, कुणाचंच नसेल असं." मी रकान्यात लिहिलं: एक. शेपटी आहे.

तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं, आणि आवाजच येईना. पाच महिन्यांत ते नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. तोंड उघडं ठेवून मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात सात आया आणि वॉचमन माझ्यापर्यंत पोचले.

"मूल कुठाय तुमचं?" वॉचमनने विचारलं.

"माझं नाही, ताईचं."

"बरं, ताईचं. कुठाय?"

"अजून व्हायचंय."

"व्हायच्या आधीच हरवलं?"

आयांनी आपापली मुलं जवळ ओढली. वॉचमनचा आवाज चढला. "मग इतका वेळ हाका कुणाला मारताय?"

"दादाला," मी म्हणालो. "बाहेर गेलाय."

वॉचमन एकदम मऊ झाला. मला फाटकाजवळच्या केबिनमध्ये नेऊन खुर्ची दिली, कुत्राही आला. वही उघडून त्याने नाव विचारलं, आणि त्या वहीसमोर कसं कोण जाणे, मी ते घेतलं. वय, एकतीस. कपडे, निळ्या चौकड्यांचा शर्ट. ओळखीची काही खूण?

"कॉलर थोडी जळलीय," मी म्हणालो. (त्याला नेलं त्या दिवशी इस्त्री मीच केली होती.)

मग त्याने माइक हातात घेतला आणि दादाचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं, की आपण जिथे असाल तिथून फाटकापाशी यावे, आपला धाकटा भाऊ आपली वाट बघतोय. तीनदा सांगितलं. झोपाळेसुद्धा थांबल्यासारखे वाटले.

"येतील," तो मला म्हणाला. "मोठी माणसं दहा मिनिटांत येतात."

मी फाटकाकडे बघत बसलो. कुत्राही तिकडेच बघत होता. मला काय ठाऊक नव्हतं? तरी बघत होतो.

आली ती ताई. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल आणि पर्स घेऊन दाजी मागून धावत. तिने केबिनभर नजर फिरवली, दाराच्या मागेही बघितलं, आणि माझ्या शेजारी बसली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तरी आले."

मग तिने बाहीने नाक पुसलं आणि दवाखान्याच्या खिडकीतल्या आवाजात म्हणाली, "मी पाण्याच्या टाकीपाशी होते. तिथवर स्पष्ट ऐकू आलं. चांगलं नाव आहे."

"दुसरं कुणी आलंही नाही," दाजी हळूच म्हणाले. माझे रकाने वाचले आणि नऊ नंबरच्या कुत्र्याकडे बघून त्यांनी यादी खिशात घातली.

"आणि ओरडायचं कसं?" मी विचारलं.

"ओरडायला तू आहेस की, धाकट्या. चूक त्याची, नाव तुझं. मला सवय आहे."

वॉचमन मात्र अडून बसला. नोंद झालीय, कुणी सापडल्याशिवाय पान बंद करता येत नाही. शेवटी त्याने लिहिलं: सापडला, धाकटा भाऊ, वय चोवीस, सोबत कुत्रा. बहिणीच्या ताब्यात दिला. ताईने सही केली.

बाळ आज तेवीस दिवसांचं आहे. दादाचं नाव घरात दिवसातून पन्नासदा ऐकू येतं, तेही अगदी लाडात. काल दुपारी बाळाने दाजींच्या कचेरीच्या शर्टावर, अगदी खिशातल्या मेमोसकट, धार सोडली आणि ताई कडाडली, "धाकट्या!"

बाळ निवांत मूठ चोखत पडलं होतं. मी आतून टॉवेल घेऊन धावत आलो आणि काय झालंय ते न बघताच म्हणालो, "चुकलो, ताई."