निळ्या चौकड्यांची पुण्याई

"माझ्या हाताखालून गेलेलं एक तरी कापड वाया गेलेलं दाखवा, त्याच दिवशी सुई खाली ठेवते!"

काकू परदेशात लेकाकडे राहायला येऊन चार वर्षं झाली, तरी हे वाक्य रोज एकदा होत असे. ऐकायला कुणी नसलं तर त्या हातातल्या गोधडीलाच ऐकवत. सगळी इमारत त्यांना काकू म्हणे, आणि सगळ्या इमारतीला एव्हाना ठाऊक झालं होतं की या बाईंच्या दारासमोरून जाताना अंगावर जुना कपडा असू नये. तिसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर तर त्यांना पाहिलं की स्वेटरची बटणं लावून घेत.

खुद्द घरात काकूंची भीती कुणालाच नव्हती. भीती होती ती त्यांच्या कात्रीची. सूनबाई ऑफिसला जाताना आपल्या ओढण्या मोजून कपाटाला कुलूप लावी. चिरंजीव आंघोळीला जाताना अंगावरचे कपडेसुद्धा आत घेऊन जात. एकदा बाहेर खुंटीवर ठेवले होते आणि डोक्यावर पाणी ओतेपर्यंत पँटचा उशीचा अभ्रा झाला होता, असं ते सांगतात. अतिशयोक्ती आहे. अभ्रा व्हायला दुपार उजाडली होती.

काकूंचं खरं नाक म्हणजे गोधडी. चार थर जुन्या साड्यांचे, वर रंगीत तुकडे, आणि कडेपासून आत आत फिरत जाणारा धावदोरा. नवीन कापडाला त्या हातही लावत नसत. "नवं कापड म्हणजे नवा जावई," त्या म्हणत, "दिसायला कडक, पांघरायला उपयोग शून्य!"

आता चिरंजीवांच्या साहेबांना मुलगा झाला होता. साहेबांच्या हातात चिरंजीवांची नोकरी होती. अजून कायम झालेली नव्हती. महिनाअखेर पत्र मिळालं तर ठीक, नाहीतर बायको, आई आणि गाठोड्यांसकट परतीचं विमान! तेव्हा काकूंनी स्वतःच ठरवलं, बाळाला गोधडी द्यायची.

"आई, त्या लोकांना जुन्या कपड्यांची भेट कशी चालेल?" चिरंजीव हबकले.

"तुला चालली ना? त्याच गोधडीवर लोळून एवढा घोडा झालास!"

"पण आई..."

"आणि हे बघ, बाळाच्या पहिल्या गोधडीत बापाच्या अंगावरचं कापड लागतं. मधोमध. तेवढा तुझ्या साहेबांचा एखादा जुना सदरा आण."

कायम न झालेल्या माणसाने साहेबाकडे जाऊन "तुमचा एखादा फाटका सदरा देता का" असं विचारायचं! चिरंजीवांनी विषय बदलला आणि गोधडी मधोमध नऊ चौकोन रिकामे ठेवून थांबली.

पण काकूंचा सुईवर विश्वास होता, आणि सुईचा काकूंवर. आठच दिवसांत साहेब एका बैठकीवरून परस्पर, आपणहून जेवायला आले.

साहेब बरे होते. दोन महिने बाळाने झोपू न दिल्यामुळे डोळे तेवढे दिव्यासारखे तांबारले होते. वाटी उचलता उचलता त्यांना डुलकी लागली आणि रस्सा थेट छातीवर सांडला. धावपळ झाली. चिरंजीवांनी वाढदिवसाचा कोरा शर्ट काढून दिला, साहेब तो घालून घरी गेले, आणि त्यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट न्हाणीघरातल्या बादलीत राहिला.

"उद्या धुवून घेऊन जातो," चिरंजीव म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे विसरले.

काकू विसरल्या नाहीत. त्यांनी शर्ट धुतला, वाळवला आणि खिडकीशी धरून पाहिला. कोपरातून समोरची इमारत दिसत होती! कॉलर एकदा उलटवून शिवलेली. एवढा मोठा साहेब, दारात गाडी, आणि अंगावर हे? काकूंनी हिशोब मांडला. माणूस नवा शर्ट घालून गेला, जुना ठेवून गेला, वर आठ दिवस झाले तरी विचारत नाही. म्हणजे सोडला! माणूस भिडस्त असला की असंच करतो, तोंडाने देत नाही, विसरल्यासारखं करतो. त्यांनी साहेबांना मनोमन आशीर्वाद दिला आणि कात्री काढली.

पुढचे चार दिवस दुपारभर टाके पडत होते. पाचव्या दिवशी गोधडी तयार होऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत होती. मधोमध निळ्या चौकड्यांचे नऊ चौकोन, बघत राहावं असे!

त्याच सकाळी चिरंजीव घरभर हिंडत होते. "माझा पायजमा पाहिला का कुणी? कॉलेजपासूनचा, निळा?"

"बघ असेल तिथेच," काकू म्हणाल्या, आणि दोऱ्याला गाठ मारली.

मंगळवारी संध्याकाळी चिरंजीव घरी आले ते बूट न काढता. तोंडाचा रंग अस्तराच्या मांजरपाटासारखा.

"आई, साहेबांचा शर्ट कुठाय?"

"का रे?"

"परवा मोठी बैठक आहे! वर्षातलं सगळ्यात मोठं काम! साहेब प्रत्येक मोठ्या बैठकीला तोच शर्ट कोटाच्या आत घालतात. त्यांच्या वारलेल्या वडिलांचा आहे तो! तो घातला आणि काम मिळालं नाही, असं आजवर झालेलं नाही. आई, कुठाय शर्ट?"

काकूंनी एकदा सिंकखाली पाहिलं. एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

चिरंजीवांनी गोधडी पाहिली, नऊ चौकोन पाहिले आणि ते जमिनीवर बसले. बसले ते नेमके काकूंच्या हरवलेल्या सुईवर! पण दुःखच एवढं मोठं की ओरडायचंही राहून गेलं.

"तरी मी म्हणत होते," सूनबाई म्हणाली. ती काहीच म्हणत नव्हती, पण असं वाक्य संसारात हाताशी ठेवावं लागतं. "आता साहेबांना काय सांगितलंत?"

"लाँड्रीत दिलाय म्हणून सांगितलं."

"कुठल्या लाँड्रीत?"

"त्यांनीही हेच विचारलं. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या."

खोटं बोलावं तर कुणाच्या पत्त्याशिवाय बोलावं, एवढी साधी अक्कल एवढ्या शिकलेल्या माणसाला नसावी! कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला म्हणजे बावीस वर्षांत ज्याने एक रुमाल हरवला नाही असा माणूस. दुकानात त्याने तशी पाटीच लावली होती. साहेब ऑफिसातून निघाले ते थेट त्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले, शर्ट द्या. तो म्हणाला, पावती द्या. साहेब म्हणाले, पावती नाही, पण शर्ट आहे. तो म्हणाला, पावती नाही तर शर्टही नाही. मग साहेबांनी टांगलेले कपडे स्वतः बघायला सुरुवात केली. हँगरची रांग कोसळली, कुणाचं तरी लग्नाचं जाकीट साबणाच्या पाण्यात पडलं, आणि बावीस वर्षांची अब्रू रस्त्यावर आली! "चला, त्यालाच विचारू," असं म्हणत दोघे एकमेकांची बाही धरून निघाले.

घंटा वाजली. दारात साहेब, मागे लाँड्रीवाला. साहेबांच्या खांद्याला अजून एक हँगर लटकत होता.

"या ना, या!" चिरंजीवांचा आवाज शिवणयंत्राला तेल नसल्यासारखा आला.

दोघे बसले. साहेब नेमके त्याच खुर्चीत, गोधडीला पाठ टेकून! काकूंनी चहा ठेवला. जगबुडी आली तरी आधी चहा, एवढं त्यांना कळत होतं. बोलणं सगळं त्यांच्या भाषेत चाललं होतं आणि सूनबाई काकूंच्या कानात मराठी ओतत होती.

"लाँड्रीवाला म्हणतोय, ह्याचा चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही."

"खरं बोलतोय बिचारा."

"साहेब म्हणतायत, मग शर्ट कुठे गेला?"

"तुझा नवरा काय म्हणतोय?"

"ते घाम पुसतायत."

घाम पुसता पुसता चिरंजीवांच्या हाताचा धक्का लागला आणि साहेबांच्या पुढ्यातला चहा फरशीवर गेला. काकूंनी सिंकखालून फडकं आणलं आणि खाली बसून फरशी पुसली. साहेबांनी सौजन्याने दोन्ही पाय वर घेतले. फडक्याने चहा कसा झटकन टिपला म्हणता!

पुसून झाल्यावर काकू उठल्या. लेकाचा चेहरा त्यांना बघवेना. आयुष्यात एकदा पोहायला शिकवलं तेव्हा हा असाच दिसला होता. त्यांनी साहेबांच्या मागची गोधडी ओढली आणि त्यांच्या मांडीवर अंथरली.

"सांग त्यांना," त्या सुनेला म्हणाल्या, "बाळासाठी केलीय. आमच्यात पहिल्या गोधडीत बापाच्या अंगावरचं कापड घालतात. यांच्या अंगावर आजोबांचं होतं, म्हणजे बाळाला बाप आणि आजोबा दोघं मिळाले. माझ्या लेकाला यातलं काही माहीत नव्हतं. चूक झाली असली तर माझी. त्याला कायम करायचं की नाही ते त्याच्या कामावरून ठरवा, माझ्या कात्रीवरून नको."

सूनबाईने सांगितलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं.

 साहेबांनी नऊ चौकोनांवरून हात फिरवला. मग गोधडी उचलून नाकाशी धरली, आणि एवढा मोठा माणूस हुंदके द्यायला लागला!

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, बाबांच्या कपाटाचा वास येतो."

काकूंच्या गाठोड्यात डांबरगोळ्या असत. आता साहेबांच्या वडिलांचं कपाट काय, कुणाचंही कपाट काय, डांबरगोळीला कुठे जातपात आहे! पण काकूंनी डोळ्याला पदर लावला.

साहेब गोधडी छातीशी धरून निघून गेले. हो नाही, बरं नाही, वाईट नाही! लाँड्रीवाला तेवढा मागे उरला. "आणि माझी माफी कोण मागणार?" असं त्याने तीनदा विचारलं. मग त्याने बशीतली चार बिस्किटं खिशात घातली आणि तोही गेला.

पुढचा दीड दिवस चिरंजीव रिकाम्या बॅगांची मापं घेत होते.

गुरुवारी बैठकीची वेळ झाली तरी साहेबांचा पत्ता नव्हता. फोन बंद. समोर पाहुणे घड्याळ बघत बसलेले. शेवटी चिरंजीव उठले. आता जायचंच आहे तर बोलून जाऊ, असा विचार करून तासभर बोलले. सगळं काम त्यांनीच केलेलं होतं, तेव्हा सगळं पाठ होतं. पाहुण्यांनी चार प्रश्न विचारले, पाचव्याला सही केली!

साहेब पोहोचले साडेअकराला. गालावर धावदोऱ्याची नक्षी उमटलेली, डोळे कसे स्वच्छ! गोधडी अंथरली आणि बाळ पहिल्यांदा रात्रभर झोपलं. बाळाच्या कडेला साहेबही आडवे झाले, ते थेट दहाला उठले.

काम मिळाल्याचं ऐकून त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बघितलंत? तुकडे झाले तरी शर्टाने आपलं काम केलं! मी इथे नव्हतो, पण मी त्याच्यावर झोपलो होतो ना!"

सगळ्या ऑफिसने शर्टासाठी टाळ्या वाजवल्या. तासभर घसा कोरडा करणाऱ्याला कुणी पाण्याचा ग्लासही विचारला नाही. मात्र एवढा शुभ शर्ट ज्याच्या घरी अमर झाला, त्याला सोडून चालणार नाही, असं साहेबांचं मत पडलं आणि संध्याकाळी चिरंजीवांच्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं. माणूस गुणांवर कायम होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी नोकरी केलेली नाही!

घरी पत्र तीनदा वाचून झालं. चिरंजीवांनी पाय पसरले.

"आता माझा निळा पायजमा सापडला की आयुष्यात दुसरं काही नको! गेला कुठे पण?"

"बघ असेल तिथेच," काकू म्हणाल्या आणि ओटा पुसायला वळल्या.

सूनबाई शेजारीच भांडी लावत होती. तिचे हात थांबले.

"अहो आई," ती हळूच म्हणाली, "या फडक्याला बटण कसं?"

काकूंनी फडकं पाहिलं. निळ्या चौकड्या, पिवळा डाग, आणि कडेला खरंच एक बटण.

"काय करू गं," त्या कुजबुजल्या, "टाकाच धरेना त्यात! सुई लावली की कापड जीव सोडायचं. आणि गोधडी तर मधोमध उघडी. तो पायजमा समोरच वाळत होता. चौकड्याही तशाच."

"म्हणजे साहेब परवा हुंगून रडले तो..."

"गप्प बस!"

"आणि ते बाळ रात्रभर ज्याच्यावर झोपलं..."

"गप्प बस म्हटलं ना! आधी ते पत्र कपाटात ठेव आणि कुलूप लाव."

काकूंनी फडक्याचं बटण तोडून डबीत टाकलं, फडकं घट्ट पिळलं आणि ताठ मानेने ओटा पुसून काढला. वाया कुठे गेलं होतं कापड? एकही नाही!