भिंतीपलीकडचं दुसरं कडवं

उणे अठ्ठावीस डिग्रीत मी शिट्टी वाजवत ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने शोव्हल करत होतो. तेवढ्यात शेजारचे सिरिपालअंकल नुसत्या स्लिपरवर बाहेर आले. मला वाटलं, म्हातारा मदतीला आला. त्यांनी माझा तिसरा सूर चुकला म्हणून मला झापलं आणि दार आपटून आत गेले.

विनिपेगमधल्या आमच्या दोन घरांत एकच भिंत. अंकल एकेकाळचे श्रीलंकेतले लोकप्रिय सिंहली गायक आणि संगीतकार. रेडिओ, सिनेमा, कॅसेटी, सगळं गाजवलेलं. कोलंबोत ड्रायव्हर त्यांना पाहून बस मध्येच थांबवायचे म्हणे. बायको गेली आणि मुलीने इकडे आणलं. इथे स्टॉपवर उभं राहूनही बस निघून जाते, त्याचा राग माझ्यावर.

चिडणं हाच त्यांचा रियाज. ग्रोसरीच्या दुकानातलं संगीत, मायक्रोवेव्हची पीपी, माझा मिक्सर, सगळ्यांना एकच शेरा: "व्हॉट रबिश, मेन!" हे "मेन" म्हणजे त्यांच्याकडचं "अरे बाबा". आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली, तर तिच्या कुकरवरही तक्रार. मी भांडायला निघालो. आईनेच अडवलं.

"त्यांचं अकरा वाजता गाणं असते ना रे. तेव्हा मी कुकर नाही लावत आता."

पण त्यांचा खरा राग स्वतःच्याच सगळ्यात गाजलेल्या गाण्यावर. पार्ट्यांत लोक ते दुप्पट वेगाने म्हणत नाचतात आणि दुसरं कडवं गाळतात. त्या कडव्याची चाल बायकोने सुचवलेली. "माझ्या बायकोची चाल गिळतात," असं म्हणून ते जेवणाचं ताट बाजूला सारतात.

एप्रिलमध्ये सिंहली नववर्षाच्या जेवणाला ते आम्हाला घेऊन गेले. म्हणजे गाडी मीच चालवली. बँडने तेच गाणं धरलं. पहिलं कडवं झालं आणि थेट टाळ्या. अंकल उठून माइकपाशी गेले, दुसरं कडवं मला म्हणू द्या म्हणाले. माइकवाला हसला. "लेटर, अंकल. नाऊ डान्स."

माझं टाळकं सटकलं. आमच्या म्हाताऱ्यावर चिडायचं तर आम्ही चिडू, हा कोण टिकोजीराव? मी त्याला तावातावाने सुनावलं, तेही हिंदीत. त्याला एक अक्षर कळलं नाही. अंकल तोवर कोट न घालताच पार्किंगमध्ये पोचले होते.

आम्ही त्यांचा कोट घेऊन मागे धावलो आणि तिघे गाडीत बसलो. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी एंजिन सुरू केलं आणि मागच्या सीटवर आई गुणगुणू लागली. शब्द एकही येत नव्हता, नुसतं ला-ला-ला. भिंतीपलीकडून रोज अकरा वाजता ऐकलेलं दुसरं कडवं.

"एंजिन बंद कर, मेन," अंकल म्हणाले.

हीटर बंद पडला. काचा धुरकटल्या. आईने अख्खं कडवं म्हटलं. शेवटी एक सूर उतरला, तो मलासुद्धा कळला. आता ओरडतील म्हणून मी अंग चोरलं.

अंकल समोरच्या काचेकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "आता सुरू कर गाडी. तुझ्या आईला थंडी वाजत असेल."