बिराजदार सर आढावा घेतात

आढावा समितीला भरलेला वर्ग दाखवावा म्हणून मी कन्नडच्या वर्गात भूगोलाची पोरं आणून बसवली. समितीचे अध्यक्ष भूगोलाचेच विभागप्रमुख होते.

बिराजदार सर. आमच्या विद्यापीठात कुठला अभ्यासक्रम चालू ठेवायचा आणि कुठला गुंडाळायचा, हे त्यांची समिती ठरवते. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की त्यांच्या तावडीतून काहीच सुटत नाही. शेंगाचटणीची चिमूट जिभेवर ठेवून ते दुकानदाराला विचारतात, "उद्दिष्ट कळलं. निष्पत्ती काय?" एका लग्नात आहेर देता देता त्यांनी नवरदेवाला गाठलं.

"पाच वर्षांचं नियोजन काय?"

नवरदेवानं गोंधळून नवरीकडे पाहिलं.

"हितंच चुकतं," सर म्हणाले. "जबाबदारी ढकलायची!"

अशा माणसापुढे माझा कन्नडचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उभा राहणार होता. खरी विद्यार्थिनी एकच, सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुरेखाताई. सीमेपलीकडचे पेशंट कुठं दुखतंय ते कन्नडात सांगतात, म्हणून त्या ड्यूटी सांभाळून शिकायला यायच्या. अभ्यासक्रम बंद झाला असता तर त्यांचं शिकणं थांबलं असतं. माझं शिकवणंही.

सर आत आले. पहिल्याच बाकावर त्यांचा लाडका विद्यार्थी.

"काय रे, भीमेचं खोरं सोडून हितं कुटं?"

"सर, हे सर भजी देतो म्हणले की!" पठ्ठ्यानं सरळ माझ्याकडे बोट केलं.

वर्ग रिकामा झाला. सुरेखाताई तेवढ्या उरल्या. आता संपलं, असं मी धरून चाललो. पण सरांनी बाकीच्या सदस्यांना पुढच्या विभागात पाठवलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले.

"शिकवा की."

मी खडू उचलला. समोर आलं ते शिकवायला लागलो. "घरी आलेल्या माणसाला जेवण झालं का विचारायचं असेल, तर म्हणायचं, ऊटा आयता?"

"ऊटा आयता?" सुरेखाताई म्हणाल्या.

"आयतु," मागून आवाज आला. झालं म्हणून. इतका हळू आवाज बिराजदार सरांचा असेल, असं मला वाटलंच नाही.

सर खिडकीबाहेर बघत होते. "आमी अक्कलकोटकडचे. आमची मंडळी, पोरांची आई, वारल्यापासून घरात कन्नड बंद हाय. पोरं पुण्यात. फोन करतात, पण मराठीतनं." मग सुरेखाताईंकडे वळून म्हणाले, "परत विचारा की, सिस्टर."

त्यांनी परत विचारलं. सरांनी परत उत्तर दिलं. मग भाजी कुठली केली, मीठ नीट पडलं का, असं बरंच काही निघालं. मी खडू धरून नुसता उभा.

तास संपल्यावर सर उठले. "अभ्यासक्रम चालू ठेवावा, अशी शिफारस करतो. पुढच्या खेपेला माझंबी नाव घाला."

मी आभार मानायला लागलो, तेही कन्नडात. सरांनी हात वर करून थांबवलं.

"असलं कन्नड ऐकून आमच्या मंडळींनी तुमाला उपाशी परत पाठवलं असतं. शिक्षक बदलावा, हेबी लिहितो."