चौकातून कोणी उठेना

“हा चौक म्हणजे शहराचं काळीज आहे, काळीज! आज तपासणी समिती येणार, बघणार आणि उभ्या उभ्या दुसऱ्या टप्प्याचा निधी मंजूर करून जाणार. लिहून ठेव!”

प्लॅनसाहेबांनी सकाळी दाढी करता करता बायकोला हे बजावलं आणि त्या जोरात हनुवटी कापून घेतली. प्लॅनसाहेब म्हणजे पालिकेचे इंजिनिअर. काखेत नकाशाची गुंडाळी नसलेले प्लॅनसाहेब कोणी पाहिले नव्हते, म्हणून हे नाव. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, नवी दुकानं कडेकडेने निघत होती आणि मधला जुना भाग ओस पडत चालला होता. तो पुन्हा गजबजावा म्हणून सरकारने पैसे दिले आणि जुन्या बाजारचौकाचं काम साहेबांकडे आलं. याच चौकात ते लहानपणी सायकल शिकले होते. त्यांनी अगदी जीव ओतला हो! अर्धा चौक तयार झाला. फरशी, दिवे, झाडं आणि चार बाक. उरलेला अर्धा मात्र खणून ठेवलेला. निधी आला नाही तर तो खड्डा तसाच राहणार होता, आणि पलीकडचे दुकानदार साहेबांना त्यात ढकलायची वाटच बघत होते.

अडचण एकच होती. चौकात चिटपाखरू फिरकत नव्हतं.

“येतील हो लोक हळूहळू,” बायको म्हणाली.

“समिती दहाला येतेय! हळूहळू कसं चालेल? तुझ्या आईला बोलाव, भावाला बोलाव. माझ्या काकांना मी आणतो. एकेका बाकावर एकेक बसा. आणि हो, एकमेकांना ओळखायचं नाही!”

“तुमच्या काकांना न ओळखायची परवानगी मी लग्न झाल्यापासून मागतेय!”

साहेब नऊला काकांना घेऊन चौकात पोचले, तर रंगाऱ्याने चारही बाकांना हिरवागार हात मारून ठेवलेला. प्रत्येक बाकावर पाटी, ‘रंग ओला आहे’.

“काढ त्या पाट्या! काम अर्धवट दिसतं!”

“साहेब, ऑइल पेंट आहे. संध्याकाळपर्यंत तरी...”

“ऊन बघ केवढं पडलंय! तासाभरात वाळेल. मला शिकवतोस?”

रंगाऱ्याने पाट्या काढल्या आणि तो झाडाखाली जाऊन बसला. घरची मंडळी उशिरा पोचली, तोवर कोपऱ्यावर समितीची गाडी वळत होती. “बसा, बसा!” साहेब ओरडले, आणि सगळे धपाधप बसले.

समितीच्या अध्यक्षबाई हातात घड्याळ घेऊनच उतरल्या. “आम्ही एकच गोष्ट मोजतो. आलेला माणूस बाकावर किती वेळ टिकतो? बहुतेक चौकांत सात-आठ मिनिटं.”

“इथे दहा तरी नक्की!” साहेबांनी छाती फुगवली.

दहा मिनिटं झाली. ठरल्याप्रमाणे साहेबांनी मेहुण्याला उठायची खूण केली. मेहुणा अर्धवट उठला, खालून ‘चर्रर्र’ असा आवाज आला आणि तो परत बसला. नकाशा झटकायच्या निमित्ताने साहेब त्याच्याजवळ गेले.

“अरे, ऊठ की!”

“भावोजी, मी उठलो तर पँट इथेच राहील!”

तेवढ्यात पलीकडून सासूबाईंची हाक आली. “ओ अनोळखी गृहस्थ! जरा इकडे या!” साहेब गेले. “माझे ठेवणीतले कपडे आहेत हे,” सासूबाई दात आवळून म्हणाल्या. “आज घरी या तुम्ही. मग ओळख करून देते!”

पाऊण तास झाला. अध्यक्षबाई कधी घड्याळाकडे बघत, कधी बाकांकडे. त्या काकांजवळ गेल्या. “आजोबा, बराच वेळ बसलात?”

“काय करू बाई? उठताच येत नाही!”

“गुडघे ना? म्हणूनच बाक हवेत चौकाचौकांत!” बाईंनी लिहून घेतलं.

साहेबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. एकाने जरी उठायचा हट्ट धरला असता तर तिथल्या तिथे सगळं बिंग फुटलं असतं! पण दीड तास झाला तरी कोणी हललं नाही. शेवटी बाईंनी वही मिटली. त्यांचे डोळे पाणावले होते.

“इतक्या वर्षांत असा चौक पाहिला नाही. अभिनंदन!”

“म्हणजे... दुसरा टप्पा मंजूर?”

“छे हो! अर्ध्या चौकात माणसं ठाण मांडून बसलीत, मग पुरा कशाला करायचा? तुम्ही पाठवलेल्या फोटोंत चौक अगदी उजाड होता, म्हणून आम्ही दुप्पट निधी द्यायचा ठरवून आलो होतो. आता तो दुसऱ्या एखाद्या उजाड चौकाला देऊ!”

आता साहेबांना लाज गुंडाळून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “बाई, खोटं बोललो! ही सगळी माझीच माणसं आहेत!”

“वा! इंजिनिअरला नागरिकांबद्दल असाच आपलेपणा हवा!”

“अहो, खरंच! ती माझी सासू आहे!”

“कोण हा माणूस?” सासूबाई कडाडल्या. “मी नाही ओळखत!”

गाडी निघून गेली. साहेब मटकन खाली बसले, फरशीवर. मग रंगारी रॉकेलचा डबा घेऊन आला आणि काकांपासून सुरुवात करत एकेकाला सोडवायला लागला. काकांच्या पहिल्या किंकाळीला खिडक्या उघडल्या, दुसरीला गल्ल्यांतून माणसं आली, आणि मेहुण्याची पाळी येईपर्यंत खड्ड्यापलीकडचे दुकानदार दुकानं उघडी टाकून धावले. पोरं झाडांवर चढली, चहावाल्याने गाडी आणून लावली. बघता बघता चौक खच्चून भरला! साहेब आ वासून बघत राहिले. काळीज धडधडायला लागलं होतं, फक्त समिती निघून गेल्यावर.

गर्दीतून वाट काढत एक म्हातारी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“पालिकेचे तुम्हीच ना? एवढा चौक बांधलात, बरं वाटलं बघून. आम्ही म्हटलं, चला, घटकाभर टेकू.” तिने बाकांकडे हात केला. “तर चारच्या चार बाक कोणीतरी सकाळपासून अडवून बसलंय! लाज कशी वाटत नाही हो लोकांना?”