हात मोकळे जाहले त्याची हकीकत

श्री. ज्यास शब्दावाचून कळते आणि कानावाचून पोहोचते, त्या ईश्वरास दोन्ही हात जोडून, आणि मग बोलण्यासाठी ते सत्वर सोडवून, हकीकत लिहिली ऐसी जे: शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सरी, एके राज्यी बधिर लोकांची पेठ होती. तेथील माणसे हातांनी, भिवयांनी आणि सर्व चेहऱ्याने बोलत, आणि ती भाषा पुरती भाषाच होती; तीत भांडणे होत, थट्टा होई, आणि लेकरांस गोष्टी सांगून निजविता येई. पेठेत मुलांची पाठशाळा होती आणि मैनाबाई तेथे शिकवीत. बाई स्वतः बधिर; एखाद्या मुलास न समजले तर नव्या रीतीने पुन्हा दाखवीत, आणि कंटाळा कसा तो त्यांस ठाऊक नव्हता. मग दिवाणांचे चित्ती आले की, पाठशाळेत मुलांचे हात पाठीमागे बांधावे म्हणजे तोंडे उघडतील. हुकूम लिहून तयार जाहला, शिक्का मात्र राहिला, आणि त्यापूर्वी रीतीप्रमाणे पाहणी व्हावी म्हणून समाजकार्याचे पंडित विसाजीपंत रवाना केले. वर्तमान कळताच मैनाबाई आपली मनगटे चोळू लागल्या. लहानपणी त्यांचेही हात असेच बांधले होते.

पंत भला माणूस. सोबत दुभाषीण गोजरा. तिचे आईबाप बधिर, म्हणोन तीस दोन्ही भाषा घरच्याच. बैठक भरली, आणि पंतांनी गोजरेकडे पाहून प्रश्न केला, आणि बाई उत्तर देऊ लागताच मान खाली घालून झरझर लिहू लागले. बाई वाक्याचे मध्येच थांबल्या. पंतांनी वर पाहिले, बाई पुढे बोलल्या, पंत पुन्हा लिहू लागले, बाई पुन्हा थांबल्या. आता ही गोष्ट नीट ध्यानी घ्यावी: जेथे डोळ्यांनी ऐकतात तेथे मान खाली घालणे म्हणजे बोलणाऱ्याचे तोंडावर दार लावणे. मंडळी उठू लागली, आणि म्हातारे हैबती लोहार जाता जाता हातांनी काही बोलले, ते पाहून सर्व हसले.

पंतांनी विचारले, "काय म्हणाले?"

गोजरा म्हणाली, "म्हणाले, पंतांचे कान धडधाकट आहेत, डोळे मात्र घरी विसरले. आणि बाई विचारतात, गोजरेचे तोंडात लाडू आहे काय, की सारा वेळ तिकडेच पाहता?"

पंत शरमले, परंतु खरे शहाणे, म्हणोन रागावले नाहीत. लेखणी खाली ठेविली आणि बाईंचे डोळ्यांस डोळा देऊन म्हणाले, "बाई, चुकलो. मला कसे विचारावे ते शिकवा."

बाईंस शिकविण्याचे सांगणे म्हणजे मेजवानीच. त्यांनी सर्वांस गोल बसविले, म्हणजे प्रत्येकाचे हात प्रत्येकास दिसावे. आणि लिहिण्याऐवजी चित्रफीत घेवविली. आणि प्रश्न विचारावयास आपले लोकही घातले. आणि मग करार केला की, जे लिहाल ते आधी आम्हांस हातांनी परत सांगाल, आम्ही मान डोलवू तरच दरबारी जाईल. ऐसी पाहणी चालली, आणि घरोघरची माणसे मन मोकळे करू लागली.

मग दरबार भरला. मैनाबाई मुलांस घेऊन उभ्या राहिल्या, गोजरा बाजूस. प्रथम हैबतीची चित्रफीत दाखविली. त्यात ते म्हणत होते, "माझे हात बांधून वर्षानुवर्षे एक 'पाणी' शब्द तोंडी बसविला. बसला. पण पाऊस कसा पडतो, विहीर का आटते, हे कोणी सांगितले नाही. विचारणार कशाने?" दिवाण तरी म्हणाले, "खरे, परंतु हात न बांधता ही मुले बोलणार कधी?"

मैनाबाई पुढे होऊन हातांनी बोलल्या. गोजरेने स्वच्छ सांगितले, "बाई म्हणतात, मुले आत्ताही बोलतच आहेत. सरकारांस ऐकू येत नाही, इतकेच."

दिवाणांनी मुलांकडे पाहिले. तेथे कडाक्याचे भांडण चालले होते. दिवाणांनी विचारले, "काय चालले आहे?" गोजरा चाचरत म्हणाली, "सरकार, अभय असावे. सरकारांच्या मिशा खऱ्या की चिकटविलेल्या, यावर वाद आहे." दिवाण खदखदा हसले, आणि स्वतः मिशी ओढून दाखविली, आणि ज्यांचा पक्ष खरा ठरला ती मुले नाचू लागली. मग दिवाणांनी हुकुमाचा कागद मागविला आणि भरदरबारी फाडला, आणि आज्ञा केली की, पाठशाळेत हातांची भाषा चालेल, शिकविणारांनी ती शिकावी, आणि बधिरांविषयी पाहणी बधिरांस सोबत घेतल्यावाचून होणार नाही. पेठेचे लोकांनी दोन्ही हात उंच करून हालविले, हीच त्यांची टाळी; आणि दरबारी मानकरी टाळ्या पिटीत होते, तेही पाहता पाहता हात वर करून हालवू लागले.

येणेप्रमाणे पेठेची फत्ते जाहली. दुसरे दिवशी पाठशाळेतील ऐकते गुरुजी मागील बाकांवर विद्यार्थी होऊन बसले, त्यांची बोटे वळेनात, आणि मुले एकेकाजवळ जाऊन ती हळूच सरळ करू लागली. मैनाबाई फळ्यापाशी उभ्या होत्या, आणि त्यांस घाई नव्हती.